वहिनीला गर्भपिशवी काढायला सांगितलीय, आणि आईची २००१ सालची "काडीची तपासणी", कुणाला याबद्दल माहितीये का?

मयुरी_कळंब

नमस्कार सगळ्यांना. पोस्ट मोठी झालीय, पण अर्धवट सांगितलं तर कुणाला नीट उत्तर देता यायचं नाही म्हणून सगळंच लिहितेय.

माझं गाव कळंब तालुक्यात, मी पुण्यात नोकरीला. वहिनी ३३ वर्षांची, दोन मुलं, दुसऱ्याच्या वेळी लगेच ऑपरेशन करून घेतलेलं. दादा-वहिनी सहा सीझन टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेत. दोन वर्षांपासून तिच्या अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरते, पण तिनं ते अंगावरच काढलं. फडात कुणाला सांगणार, आणि एक खाडा पडला तरी पैसे कापतात. आता टोळी निघायच्या आधी तालुक्याला एका खासगी दवाखान्यात दाखवलं. तिथं सोनोग्राफी केली आणि सांगितलं की पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढं कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका, ४० हजार लागतील. आतून तपासलंच नाही म्हणते वहिनी, टेबलावर झोपवून पोटावर मशीन फिरवलं तेवढंच. दादा मुकादमाकडून जास्तीची उचल घेऊन करायला निघालाय. आणि वहिनीनं कॅन्सर हा शब्द ऐकल्यापासून धड दोन घास खाल्ले नाहीत.

हे सगळं फोनवर चाललेलं असताना आई मधेच म्हणाली, अगं आमची तर तपासणी झालती की, काडीची! म्हटलं कसली काडी? तर तिनं सांगितलं की तू तिसरीत-चौथीत असताना गावात जीप यायची, शाळेच्या खोलीत पडदा लावून बायकांना तपासायचे, आधी दोन ताया घरोघर येऊन नाव, वय, मुलं किती सगळं लिहून घेऊन गेल्या होत्या, कागदावर अंगठा घेतला, मग आत कापसाची काडी का ब्रश असं काहीतरी फिरवलं, दुखलं नाही, आणि काही दिवसांनी सगळं बरं आहे म्हणून चिठ्ठी आली. ती चिठ्ठी आईनं अजून ट्रंकेत रेशनकार्डाच्या प्लास्टिकमधे ठेवलीय! दादानं फोटो पाठवला. शाई उडालीय, घडीवर फाटलीय, बार्शी एवढं वाचता येतं आणि पुढं एक नंबर.

मला तीन गोष्टी हव्यात. तो कसला प्रकार होता? तशी तपासणी वहिनीची आज कुठं होईल? आणि दादाला थांबवायला मी त्याला काय सांगू, तो म्हणतो तू डॉक्टर आहेस का.

सिस्टर_बीड

मयुरी ताई, मी एएनएम म्हणजे सरकारी नर्स आहे, १४ वर्षं गावच्या आरोग्य उपकेंद्रावर. पहिलं काम म्हणजे आज रात्रीच वहिनीला फोन लाव आणि सांग की पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नाही. दहापैकी नऊ जणी माझ्याकडं हीच तक्रार घेऊन येतात, आणि बहुतेकींना इन्फेक्शन असतं, गोळ्यांनी बरं होतं, फक्त नवऱ्यालाही गोळ्या द्याव्या लागतात काही वेळा नाहीतर परत होतं. कॅन्सरची शंका कधी घ्यायची तर पाळी नसताना लाल जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर परत अंगावर जाणं, पाण्यासारखं घाण वासाचं जाणं. असं काही असेल तर एक दिवस थांबायचं नाही. नसेल तर घाबरायचं नाही पण तपासणी करायचीच.

तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट आहे. ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी कार्यक्रमच आहे सरकारचा, व्हीआयए म्हणतात. आत स्पेक्युलम (तपासायचं उपकरण) घालून पिशवीचं तोंड बघायचं, त्याला कापसानं पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं (घरातलं व्हिनेगर असतं ना, तसंच), एक मिनिट थांबायचं, आणि पांढरा चट्टा उठतो का बघायचं. झालं. पाच मिनिटांचं काम. मी टेबलाशेजारी उभी राहून बाईचा हात धरते, सुरुवातीला मूठ एवढी घट्ट असते की नखं रुततात, आणि संपलं म्हटलं की विचारतात, झालं पण?

आमच्या बीड जिल्ह्याचं तुला माहीतच असेल. २०१९ ला सर्व्हे झाला तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. माझ्याच गावातली एक २८ ची आहे. आता तिची हाडं दुखतात, अंगातून वाफा निघतात, आणि कोयता तर उचलावाच लागतो. दादाला हा आकडा सांग.

डॉ_अनघा_स्त्रीरोग

सिस्टरनी सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त दोन-तीन गोष्टी जोडते.

१) पोटावरच्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची "जखम" दिसत नाही. ती डोळ्यांनी बघावी लागते. आतून तपासलंच नसेल तर जखम आहे हे सांगितलं कशावरून, हा साधा प्रश्न दादानं त्या दवाखान्यात जाऊन विचारावा. भांडायचं नाही, फक्त विचारायचं आणि फाइल मागून घ्यायची, रिपोर्ट मिळणं हा पेशंटचा हक्क आहे. शिवाय ज्याला जखम म्हणतात ते पुष्कळदा जखम नसतंच, तोंडाच्या आतलं लालसर आवरण थोडं बाहेर आलेलं असतं, तरुण वयात, बाळंतपणानंतर ते नॉर्मल आहे.

२) हे लोकांना कुणी सांगत नाही म्हणून जरा जोर देऊन लिहितेय. तपासणी न करता पिशवी काढणं दोन्ही बाजूंनी वाईट. कॅन्सर नसेल तर ३३ व्या वर्षी विनाकारण मोठं ऑपरेशन, आणि त्यात बीजकोषही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास पंधरा वर्षं आधी. आणि देव न करो पण खरंच कॅन्सर असेल, तरी साधी पिशवी काढून तो बरा होत नाही! त्याचं ऑपरेशन वेगळं असतं, आजूबाजूचा भाग आणि गाठींसकट, किंवा रेडिएशन. आधी बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) न करता कुणीतरी साधी पिशवी काढून टाकलेली पेशंट जेव्हा आमच्याकडं येते आणि पॅथॉलॉजीत कॅन्सर निघतो, तेव्हा पुढची ट्रीटमेंट फार अवघड होऊन बसते. मी अशा बायका बघितल्यात. म्हणजे "कॅन्सर होऊ नये म्हणून काढा" हे वाक्यच चूक आहे. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासा, चट्टा निघाला तर दुर्बिणीतून बघा, तुकडा काढून तपासायला पाठवा. कॅन्सरच्या आधीची पायरी असेल तर फक्त तेवढा भाग गोठवून किंवा जाळून किंवा काढून टाकता येतो, बाई संध्याकाळी घरी जाते आणि पिशवी जागेवर राहते.

पिशवी काढावी लागतेच अशी कारणं आहेत, मोठ्या गाठी आणि औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं वगैरे. त्यामुळं ऑपरेशन म्हणजेच लूट असंही धरून चालू नका. पण पांढरं जाणं हे कारण नाही.

केंद्र सरकारनं अनावश्यक पिशवी काढण्याविरुद्ध गाइडलाइन्स काढल्यात, आणि एप्रिल २०२३ मधे सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करा म्हणून सांगितलंय.

विनायक_सोलापूर

आईंच्या काडीबद्दल मी सांगतो, कारण पब्लिक हेल्थ शिकताना याच अभ्यासानं मला या क्षेत्रात ओढलं आणि मी आमच्या जिल्ह्याशेजारच्या जिल्ह्याचं नाव पहिल्यांदा परदेशी पाठ्यपुस्तकात वाचलं ते यामुळं.

तो उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातला खूप मोठा अभ्यास होता. ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात घेतल्या, ४९७ गावं, गावांचे ५२ गट. मुख्य संशोधक डॉ. आर. शंकरनारायणन, मूळ केरळचे, फ्रान्समधे लिऑनला कॅन्सर संशोधनाची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिथले, आणि त्यांच्याबरोबर बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. नेने आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलची मंडळी. म्हणून चिठ्ठीवर बार्शी.

प्रश्न असा होता की श्रीमंत देशांत पॅप टेस्टनं (पिशवीच्या तोंडाच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या) हा कॅन्सर कमी झाला, पण ती दर तीन वर्षांनी करावी लागते, लॅब लागते, वाचणारा तज्ज्ञ लागतो. आपल्या खेड्यातल्या बाईच्या वाट्याला आयुष्यात एकदाच तपासणी येणार असेल तर ती कुठली करावी? मग गावांच्या गटांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली. काही गावांत एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची तपासणी), काही गावांत पॅप, काही गावांत सिस्टर म्हणतायत ती व्हीआयए, आणि चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. काडी किंवा ब्रश म्हणजे आईंची एचपीव्ही नाहीतर पॅप झाली असणार.

आठ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं आणि २००९ ला निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, काहीच तपासणी नसलेल्या गटात ६४. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या टेस्टनं मृत्यू जवळपास निम्मे! वाढलेल्या स्टेजला सापडलेले कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. आणि मयुरी, तुझ्या वहिनीसाठी सगळ्यात महत्त्वाचं हे की ज्या बायकांची एचपीव्ही टेस्ट निगेटिव्ह आली त्यांच्यातली एकही त्या आठ वर्षांत या कॅन्सरनं गेली नाही. एकही नाही. हे दादाला सांग, की पिशवी काढून जी निश्चिंती विकत घ्यायला निघालायस ती एका काडीत मिळते.

नितीन_पाटील_नाशिक

विनायकराव, त्याच अभ्यासात व्हीआयएच्या गटात मृत्यूंमधे म्हणावा असा फरक पडला नव्हता ना? मग सिस्टर बाईंना व्हीआयएला पाठवतायत ते कशाला, उगाच खोटा दिलासा मिळेल.

विनायक_सोलापूर

बरोबर आहे, उस्मानाबादला व्हीआयए आणि पॅप दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही. पण तिथं ती एकदाच केली होती. मुंबईत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी १९९८ पासून वस्त्यांमधे हेच काम केलं, साधारण दहावी शिकलेल्या स्थानिक मुलींना चार आठवडे ट्रेनिंग दिलं, त्यांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, दीड लाखावर बायका अभ्यासात, आणि मृत्यू ३१ टक्के कमी झाले. तमिळनाडूत दिंडीगुलला नर्सेसनी व्हीआयए केली, तिथंही मृत्यू कमी झाले. म्हणजे व्हीआयए टाकाऊ नाही, ती कोण करतंय, ट्रेनिंग कसं आहे, परत परत होतेय का, आणि चट्टा निघालेल्या बाईला पुढचा उपचार मिळतो का यावर सगळं आहे. जमत असेल तर एचपीव्ही कधीही चांगली.

रेवती_एस

मला एक बोलायचंय. चौथ्या गटातल्या त्या ६४ बायका. त्यांना तपासणी मिळाली असती तर त्यातल्या निम्म्या वाचल्या असत्या असंच हा आकडा सांगतो ना? यावर जगभर वाद झालाय, की हा कॅन्सर तपासणीनं थांबतो हे आधीच माहीत असताना हजारो बायकांना तसंच का ठेवलं. मी संशोधकांना व्हिलन म्हणत नाहीये, पण हा अभ्यास आपला अभिमान म्हणून सांगताना त्या बायकांना वगळून सांगू नये एवढंच.

विनायक_सोलापूर

रेवती ताई, मान्य. संशोधकांचं म्हणणं असं की तेव्हा या गावांत कुठलीच तपासणी होत नव्हती, त्यामुळं तुलना "आहे त्या परिस्थितीशी" केली. मला हे पूर्ण पटतं असं नाही, पण पूर्ण खोडूनही काढता येत नाही. मला जास्त राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. निकाल २००९ ला हातात आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या किती बायकांची आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेली? १.९ टक्के. जगानं यातून शिकून धोरणं बदलली, जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही टेस्टच आधी करा म्हणते त्यामागं या गावांचा पुरावा आहे, आणि त्याच जिल्ह्यातल्या बाईला २५ वर्षांनी सोनोग्राफीवर पिशवी काढायला सांगतात. त्या ६४ जणींचं देणं आपण अजून दिलेलं नाही.

बार्शीची_काकू

मयुरी बाळा, तुझ्या आईची चिठ्ठी वाचून डोळ्यात पाणी आलं. मी त्या काळात बार्शीकडून गावोगाव फिरत होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, मुलानं हे वाचून दाखवलं आणि म्हटलं मी सांगते तू टाइप कर.

लोकांना वाटतं मशीन आलं, टेस्ट झाली, झालं. तसं नव्हतं ग. त्याच्या कितीतरी आधीपासून, १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम भागात कॅन्सरची नोंदणी सुरू होती, खेड्यातली आपल्या देशातली पहिली. कुणाला कॅन्सर झाला हे कागदावर आणायला गावात जावं लागायचं, पारावर, देवळात बसून लोकांशी बोलायचं, की बाबांनो ही ही लक्षणं दिसली तर लपवू नका, दवाखान्यात या. आणि नुसत्या त्या बोलण्यानंच बायका आधीच्या स्टेजला यायला लागल्या, टेस्ट नाही काही नाही, फक्त कुणीतरी येऊन नीट सांगितलं म्हणून! डॉक्टर लोकांनी त्याच्यावर सुद्धा लेख लिहिला.

तपासणीला बाई आणायची म्हणजे आधी सासूला पटवायचं. सासू म्हणायची, तिला काय झालंय, चांगली तर कामाला जाते. मग मी म्हणायचे, मावशी आधी तुम्ही चला, तुमचं वय पण बसतंय. सासू तपासून आली की सून आपोआप यायची. एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन तशीच आली होती, भारा दारात ठेवला, तपासून घेतलं, परत भारा उचलून गेली. आणि सगळ्यात अवघड काय तर जिच्या टेस्टमधे काही निघालं तिला परत बोलवणं. ती घाबरून माहेरी निघून जायची, आम्ही माहेरी जायचो. कांदे काढणीला गेली तर तिथं जायचो. कारण टेस्ट करून बाई परत आलीच नाही तर त्या टेस्टचा काय उपयोग सांग.

वहिनीला घेऊन ये बार्शीला. आणि दादाला पण बरोबर आण, एकटीला पाठवू नको. एचपीव्ही निघाला तर नवरे लई वेडंवाकडं बोलतात, कुणाकडनं आणलंस म्हणतात, म्हणून डॉक्टरच्या तोंडून त्याला ऐकू दे.

डॉ_अनघा_स्त्रीरोग

काकूंचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. एचपीव्ही हा संबंधातून येतो हे खरं, पण तो इतका कॉमन आहे की बहुतेक विवाहित बाई-पुरुषांना कधी ना कधी होऊन जातो, आणि बहुतेकींचं शरीर तो एक-दोन वर्षांत स्वतःच घालवतं. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही आणि चारित्र्याचं सर्टिफिकेट तर अजिबात नाही.

आणि वहिनींनी दोन वर्षं अंगावर काढलं याचं मला नवल वाटत नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं होतं, १९८९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं ते. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होतं, आणि त्याआधी आयुष्यात कधी आतून तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरलं जायचं.

मयुरी_कळंब

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, मधे गावाला होते.

दादाला मी आकडे वाचून दाखवले तर तो गप्प बसला, पण खरं काम आईनं केलं. ती ट्रंकेतली चिठ्ठी घेऊन त्याच्यापुढं बसली आणि म्हणाली, माझी पिशवी अजून माझ्यापाशी हाय, मी मेले का? मग काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीचा कागद मागायला स्वतः गेला. त्यात लिहिलंय पिशवी नॉर्मल साइज, बाकी काही नाही.

आधी ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा तिला आतून तपासलं, इन्फेक्शन आहे म्हणाल्या, दोघांनाही गोळ्या दिल्या. व्हीआयएत चट्टा उठला नाही. मग काकू म्हणाल्या तसं बार्शीला जाऊन एचपीव्हीचं सॅम्पल दिलं, रिपोर्ट यायचाय. येताना आई पण हट्टानं बरोबर आली होती आणि तिनं ती चिठ्ठी तिथल्या एका सिस्टरला दाखवली, ती पोरगी २५-२६ ची असेल, तिनं दोन्ही हातांनी धरून बघितली आणि विचारलं, मावशी फोटो काढू का?

पांढरं जाणं बरंच कमी झालंय. टोळी गेली, पण यंदा वहिनी गेली नाही, दादा एकटाच गेलाय आणि वाढीव उचल घेतलेली नाही.

आणखी एकच विचारायचंय. भाची ११ वर्षांची आहे, वहिनी आता विचारतेय की पोरीला लस मिळते का.

डॉ_अनघा_स्त्रीरोग

मिळते, आणि हेच वय योग्य. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून बाजारात आहे, ९ ते १४ वयाला दोन डोस असं लेबलवर आहे. एका डोसनंही चांगलं संरक्षण मिळतं हा पुरावा पण आपल्याकडच्याच मुलींमधून आलाय, डॉ. शंकरनारायणन यांनीच २००९ ला सुरू केलेल्या अभ्यासातून, त्यात बार्शी आणि पुणे दोन्ही होते. २०१० ला सरकारनं तो लसीकरणाचा भाग मधेच थांबवला, म्हणून काही मुलींना एकच डोस मिळालेला, आणि दहा वर्षांनी बघितलं तर त्यांचंही संरक्षण टिकून होतं. त्यानंतर २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनंही एक डोस चालेल म्हटलं. सरकारी दवाखान्यात आत्ता उपलब्ध आहे का ते आशाताईंना विचार, नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडं मिळेल. वहिनीला सांग, लस दिली तरी तिशीनंतर पोरीला पण काडीची तपासणी करायचीच आहे.

बार्शीची_काकू

रिपोर्ट आला की इथं लिही ग बाळा. मुलगा रोज उघडून बघतो माझ्यासाठी.